राखलेल्या रानात रिबिनी

भिकू मोकलाचा कुणावर विश्वास नव्हता. हे करंजोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं, कारण तो कुणा एकावर संशय घेत नसे. सगळ्यांवर सारखाच घेई. एसटीत तिकीट हातात पडलं की उजेडाला धरून वाची. डॉक्टरनं गोळी दिली की आधी डॉक्टरकडे बघे, मग गोळीकडे. चौलच्या बाजारात कोळीण म्हणाली, “ताजी हाय भिकूदादा, घ्या,” की हा कल्ला उचलून नाक आत घाली. “मासा मेलाय दादा,” ती म्हणे, “आता त्याची जबानी घेताय व्हय?”

त्याच्या गोठ्याच्या फाटकाला कुलूप नव्हतं, गाठ होती. दोन फास, मध्ये एक उलटा पीळ आणि शेपूट आत खोचलेलं. सोडायला कुणालाही यावी, पण पुन्हा तशीच बांधणं त्याच्या बायकोला, नीराबाईलाही चाळीस वर्षांत जमलं नव्हतं. सकाळी गाठ बघितली की कुणी हात लावला का ते भिकूला कळे. आजवर कुणीच लावला नव्हता. त्यावरून माणसं चांगली आहेत असं काही त्याला वाटलं नाही. गाठ चांगली आहे असं वाटलं.

हा संशय तो आईच्या पोटातून घेऊन आला नव्हता. गावामागं दोन डोंगरांच्या मध्ये आज जे मोठं तळं आहे, त्याच्या तळाशी त्याच्या बापाची, बाबाजीची, भाताची सात खाचरं आहेत. भिकू तेव्हा पंचविशीत होता. एक दिवस चार माणसं जीपमधून आली. त्यांनी झाडांना फडकी बांधली, चुन्याच्या रेघा ओढल्या, जीपच्या टपावर नकाशा पसरून त्यावर लाल पेन्सिल फिरवली. बाबाजीनं त्यांना ताक पाजलं. “नुसती मोजणी आहे, आजोबा,” ती माणसं म्हणाली. तिसऱ्या पावसाळ्यात खाचरांत पाणी शिरलं ते कायमचं. पुढं मरेपर्यंत बाबाजी गणपतीच्या दिवसांत काठावर जाऊन बसे आणि पाण्याकडे बोट करून म्हणे, “तितं आता भात पोटरीला आलं असतं.” भिकू शेजारी बसून ऐके. फडकी बांधणाऱ्या माणसाला ताक पाजायचं नाही, एवढं तो तिथं शिकला.

आता त्या तळ्याला लोक सुंदर म्हणतात. तिन्ही बाजूंनी ऐन, किंजळ, जांभळीचं रान, एका अंगाला गावदेवीची राई, जिच्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि डोंगराच्या खिंडीतून समुद्राचा वारा येतो. भिकूलाही ते सुंदर वाटे, पण कबूल करायची त्याची तयारी नव्हती. बापाच्या शेतावर उभं राहून पाण्याला सुंदर कसं म्हणायचं?

त्याच्याकडे उरलं होतं ते राईला लागून वरच्या अंगाचं एकरभर वरकस, म्हणजे भात न पिकणारी उताराची जमीन. दसरा सरला की तिच्यावर कमरेइतकं गवत उभं राही आणि म्हशीचं वर्ष त्यावर निघे. ते गवत तो राखी. राखायची रीत इकडं सगळ्यांची एकच. वाटेच्या तोंडाशी काठी रोवायची आणि तिला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की गुराख्यानं गुरं वळवायची, वाटसरूनं पाय वळवायचा. पुढं आग्या मोहोळ असो, ओढ्यावरचा कुजका साकव असो की कुणाचं राखलेलं रान असो, चिंधीचा अर्थ एकच, इकडं येऊ नको. हे करंजोलीत पोराला चालायला लागल्याबरोबर कळतं.

दिवाळी झाली आणि परेश नावाचा एक चष्मेवाला तरुण ग्रामसभेत उभा राहिला. तळ्याभोवतीच्या रानातून धावायची शर्यत घ्यायची होती. मुंबई-पुण्याहून दोनशे माणसं येणार होती.

“कशापायी?” भिकूनं विचारलं.

“म्हणजे?”

“कशापायी धावायचं? कुणी मागं लागलंय का त्यांच्या?”

सभा हसली. परेशही हसला. “निसर्ग बघायला, काका.”

“धावताना काय दिसतंय? बसल्यावर दिसतंय.”

सरपंच सुचिताताईंनी मध्ये पडून समजावलं, की वाट कळावी म्हणून झाडांना गुलाबी रिबिनी बांधतील, शर्यत झाली की काढून नेतील, आणि वाट भिकूकाकांच्या वरकसातून जाते म्हणून त्यांची परवानगी हवी. “नुसत्या खुणा आहेत, काका,” परेश म्हणाला.

‘नुसत्या’ म्हटल्याबरोबर भिकूच्या कानात जीपचा आवाज आला. तो काही न बोलता उठून गेला. त्याच्या गप्प बसण्याला सभेनं होकार समजलं. चूक सभेची होती, पण चाळीस वर्षं प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा माणूस गप्प बसला तर दुसरं काय समजणार?

रिबिनी आल्या. आणि त्याच दिवसांत भिकूला घरातलंच काहीतरी शिजताना दिसायला लागलं.

मुलगा विनेश रोह्याकडे कारखान्यात पाळीवर जाई, त्यामुळे घरात दिवसभर तिघंच. भिकू, नीराबाई आणि सून नूतन. नूतन दिवेआगरची, अंगणवाडीत मदतनीस. पोर कामाला वाघीण, बोलायला कमी. ती रोज पहाटे देवीला फुलं आणायला म्हणून तळ्याकडे जाई. भिकूनं हिशेब मांडला. चार जास्वंदी आणायला एक तास? आणि परतताना तोंड लालबुंद, श्वास लागलेला? मग एके दिवशी म्हशीला पेंढा काढताना उडवीत, म्हणजे रचलेल्या गंजीत, त्याचा हात कशाला तरी लागला. बूट. रबरी तळाचे, चिखल लागलेले, पेंढ्याच्या आत खोल दडवलेले. त्याच्या मनात आलं, मोजणीवाल्याचे बूट माझ्या उडवीत? त्यानं ते होते तसेच ठेवले आणि वर पेंढा सारखा केला. पकडायचं असेल तर सावध करायचं नाही, हा त्याचा नियम होता.

त्यावर कळस चढवला नूतनच्या फोननं. ओटीवर चार्जिंगला लावलेला फोन उजळला आणि भिकू वाकून बघायला लागला. नकाशा. मधला निळा डाग तळ्याचा, त्याबद्दल शंकाच नको. बापाची खाचरं त्या डागाच्या कुठल्या वाकणात आहेत हे तो झोपेतही दाखवू शकला असता. आणि डागाभोवती लाल रेघ. रेघ राईला वळसा घालून थेट त्याच्या वरकसातून गेली होती. चाळीस वर्षांपूर्वी जीपच्या टपावर त्यानं हाच लाल रंग बघितला होता.

“सून फितूर झालीय,” तो स्वैपाकघरात जाऊन नीराबाईला हळूच म्हणाला.

ती तांदूळ पाखडत होती. “कुणाला?”

“त्येच कळायचं हाय. वरकस जाणार आपलं. नकाशा तयार हाय तिच्याकडं.”

नीराबाईला इतकं हसू आलं, की सुपातले तांदूळ सांडले. “अवो, तिलाच इचारा की सरळ.”

“इचारलं की सावध व्हतील.”

“कोण?”

“सगळीच,” भिकू म्हणाला आणि बायकोकडेही त्यानं नीट बघून घेतलं. ती हसली होती खरी, पण नजर चुकवून हसली होती. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही. परक्यानं जमीन नेली तर माणूस शिव्या तरी देतो. घरातल्यानं हात दिला तर त्यानं कुणाच्या ओटीवर जाऊन रडायचं?

शर्यत रविवारी होती. नूतन अंगणवाडीचं काम आहे म्हणून लवकर निघून गेली. रविवारी अंगणवाडी! भिकूनं कोयता कमरेला अडकवला आणि फटफटत असताना मागच्या वाटेनं वरकस गाठलं. गवतावर दव होतं. वाटेवरच्या झाडांना अकरा रिबिनी होत्या, त्या एकेक करून सोडल्या आणि खिशात कोंबल्या. मग वरकसाच्या तोंडाशी यंदा रोवायची राहून गेलेली काठी ठोकली आणि आपल्या जुन्या लुंगीची चिंधी तिला बांधली. झालं, रान राखलं. पंचविशीत जे करायला हवं होतं ते अडुसष्टाव्या वर्षी केलं, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

घरी वळला आणि थबकला.

राईच्या कोपऱ्याशी वाट दुभंगते. एक फाटा वर त्याच्या वरकसात, दुसरा खाली सांडव्यावर. तळं भरलं की जादा पाणी ज्या दगडी बांधावरून जातं तो सांडवा यंदाच्या पावसानं अर्धा नेला होता. राहिलेल्या दगडांवर शेवाळ, आणि वळणाआड एकदम दीड पुरुष खाली खडक. गणपतीपासून गावातलं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. वरची वाट बंद केली तर ही येडी खालनं जातील, त्याच्या मनात आलं. भिकू संशयी होता, मारेकरी नव्हता. कुणाच्या तंगड्या मोडाव्यात असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

चिंधी संपली होती. खिशात रिबिनी होत्या. त्यानं सांडव्याच्या वाटेच्या तोंडाशी असलेल्या करवंदीच्या जाळीला एक सोडून तीन गुलाबी रिबिनी एकत्र बांधल्या. चांगल्या फडफडत्या, लांबून दिसतील अशा, आपल्या नेहमीच्या गाठीनं. आता आंधळ्यालाही कळेल, इकडं येऊ नको म्हणून. दोन्ही वाटा बंद. आल्या वाटेनं परत जातील आणि परेशला शिव्या देतील. भिकू ऐनाच्या बुंध्याआड बसला.

तासाभरानं पावलं वाजली. सगळ्यांत पुढं एक बाई होती. काळी विजार, विनेशचा निळा टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले, पोटावर सत्तेचाळीस नंबरचा कागद. पायांत उडवीतले बूट. भिकूनं डोळे चोळले. नूतन!

म्हणजे हीच वाटाडी. फौज घेऊन आली माझ्या रानावर. त्यानं श्वास धरला. आता ही काठी उपटते आणि वर घुसते, मग कुणी सांगायला नको.

नूतन फाट्याशी येऊन थांबली. तिनं काठीकडे बघितलं, चिंधीकडे बघितलं. सुनेनं काठीला हात लावला नाही. मग ती करवंदीकडे वळली आणि रिबिनींची गाठ बोटांत धरून तिच्याकडे बघत राहिली. भिकूचे कान तापले.

“बाबा?” ती झाडांकडे बघून हळूच म्हणाली.

तो बुंध्याआड आणखी सरकला.

तेवढ्यात मागून एक उंच गडी आला. कानांत बोंडं, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं लांबून तीन गुलाबी रिबिनी बघितल्या, खूश होऊन नूतनला अंगठा दाखवला आणि सांडव्याच्या वाटेवर सुसाट सुटला.

“अहो, तिकडं नको! बांध मोडलाय!” नूतन ओरडली. त्याच्या कानांत गाणी होती. ती त्याच्यामागं पळाली. वळणाआडून बूट घसरल्याचा आवाज आला, मग एक किंकाळी, मग दगड खाली खडकावर आपटल्याचा.

“बाबा!” नूतनची हाक आली. ही हळू नव्हती.

भिकू मोकल वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी धावला. कुणी मागं लागलेलं नव्हतं.

तो गडी कडेवर छातीनं लोंबकळत होता, पाय हवेत. नूतन पालथी पडून त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून होती, आणि ती स्वतःच शेवाळावरून इंचाइंचानं पुढं सरकत होती. भिकूनं आधी तिच्या पायावर गुडघा रोवला, मग हात पुढं घालून त्या गड्याची विजार कमरेशी पकडली आणि चिखलात रुतलेलं रेडकू ओढावं तसा त्याला ओढला. तिघंही दगडांवर आडवी पडली. गड्याचा गुडघा फुटला होता. त्यापलीकडे काही नाही.

“रिबन तर इकडेच होती…” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. 

तिघं कशीबशी फाट्याशी आली तोवर परेश धापा टाकत पोचला होता, मागं आणखी दहा-बारा जण. “रिबिनी कुणी हलवल्या? काल संध्याकाळी मी स्वतः वर बघून गेलोय!”

भिकूच्या खिशातून एक गुलाबी शेपूट बाहेर आलं होतं. नूतनला ते दिसलं. ती सरकून त्याच्या आणि परेशच्या मध्ये उभी राहिली.

“वांदरं,” ती म्हणाली. “राईत टोळी आहे. रंगीत काही दिसलं की ओढतात.”

परेशनं करवंदीवरची गाठ बघितली. दोन फास, उलटा पीळ, शेपूट आत खोचलेलं. वांदर असली गाठ मारत नाही हे मुंबईच्या माणसालाही कळत होतं. 

भिकूला मात्र काहीतरी झालं. जन्मभर त्यानं दुसऱ्यांचं खोटं हुडकलं होतं. त्याच्यासाठी खोटं बोलणारं माणूस त्याला आज भेटलं होतं. जिला तो फितूर म्हणाला होता तीच त्याला पाठीशी घालून उभी होती, कोपरं सोललेली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“वांदर न्हाय,” तो पुढं येऊन म्हणाला. “मी. मी बांधल्या.”

“पण का, काका?”

“कुणी जाऊ नये म्हणून.”

“जाऊ नये म्हणून रिबन?”

“मग काय जावं म्हणून बांधतात?” भिकू भडकला. “आमच्यात बांधली की न्हाय जायचं. सांडवा मोडलाय, पोरं मरतील, म्हणून तीन बांधल्या. एक दिसली न्हाय तर दुसरी दिसंल म्हणून.”

 परेश चष्मा काढून पुसायला लागला. खाली बसलेला तो गडी गुडघा धरून आधी नुसता बघत राहिला आणि मग रडावं की हसावं ते न कळून हसायला लागला.

“तू कशाला थांबलीस?” भिकू नूतनवर खेकसला. “पयली व्हतीस न्हाय का?”

“वाट बंद आहे ना,” ती काठीकडे बघून म्हणाली. “तुम्ही राखलीय.”

भिकूनं काठी उपटली. “जा.”

ती वर गेली. तिच्यामागं दहा-बारा जण गेले, मग वीस, मग झुंडीच्या झुंडी. परेशनं सांडव्याच्या तोंडाशी काटेरी फांदी आडवी टाकली आणि फाट्यावर माणूस ठेवतो म्हणाला. “तुमच्या माणसावर माझा इस्वास न्हाय,” म्हणत भिकू तिथं स्वतःच उभा राहिला, चिंधीची काठी हातात घेऊन. येईल त्याला नंबर विचारी, पायांपासून डोक्यापर्यंत बघे आणि काठीनं आपलं वरकस दाखवी. दहा वाजेपर्यंत दोनशे माणसं त्याच्या गवतातून गेली. गवत आडवं झालं. “गेलं गवत,” तो मोठ्यानं म्हणाला. पण तो हलला नाही.

दुपारी परेश रिबिनी सोडायला निघाला, तेव्हा भिकू त्याच्या मागोमाग तळ्याला पूर्ण फेरी मारून आला. जांभळीवरची, ऐनावरची, एकेक खूण निघाली की नाही ते बघत. शेवटची निघाली तसा त्यानं खिशातल्या आठ काढून परेशच्या हातावर ठेवल्या. खुणा करून गेलेली माणसं त्या काढायला परत आल्याचं तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. त्याला आपल्या बापाची फार आठवण झाली.

नूतनचा चौथा नंबर आला होता. घरी कळलं, की विनेशला सगळं माहीत होतं, बूट त्यानंच आणले होते. नीराबाईला माहीत होतं. सरपंचांना माहीत होतं. ज्याचा सगळ्यांवर डोळा, त्याच्याच डोळ्यांना तेवढं दिसलं नव्हतं.

संध्याकाळी नूतन ओटीवर कोपरांना हळद लावत बसली होती. भिकू खांबाला टेकला होता.

“मला का न्हाय सांगितलंस?”

“तुम्ही नको म्हणाला असता.”

भिकूनं नखानं खांबाचा पोपडा काढला. 

“मागं ते मोठं वादळ आलं, त्यात आमची दिवेआगरची वाडी झोपली ना,” ती खाली बघत म्हणाली, “एकसुद्धा पोफळ उभी राहिली नाही. माहेरी माझे बाबा रोज त्या पडलेल्या झाडांकडे बघत बसायचे. इकडं आल्यावरही मला झोप लागेना. शाळेत असताना धावायची मी. एक दिवस तळ्याभोवती धावले, तर त्या दिवशी झोप लागली. मग धावतच राहिले.”

काठावर बसून पाण्याकडे बोट दाखवणारा म्हातारा भिकूच्या डोळ्यांसमोर आला.  तो उठून गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

सोमवारी पहाटे नूतन नेहमीसारखी चोरपावलांनी उडवीशी गेली, पेंढ्यात हात घातला. बूट नव्हते.  ती परत फिरली तर ओटीच्या पायरीवर भिकूच्या चपलांशेजारी ते ठेवलेले होते, धुऊन पुसून. भिकू वर तंबाखू मळत बसला होता.

“उडवीत उंदीर हायेत,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “कुरतडतील. त्यांचा काय भरवसा? हितंच ठेवत जा.”

“लोक बघतील, बाबा.”

“लोकांवर माझा इस्वास न्हाय,” भिकू म्हणाला. “तू धाव.”